अंगठ्यानं कार्डं ओळखणारी पार्बता

गयासभाईच्या दुकानातलं ते भांडण मी काही मुद्दाम ऐकलं नाही. दर्यापूरच्या बाजारात त्याच्या मोबाइलच्या दुकानाला लागूनच एक चपला शिवणारा बसायचा. माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता. एक पाय चपलेत आणि एक पाय पोत्यावर, अशी मी बसले होते. उठून जाता येत नव्हतं, आणि कान झाकून बसावं एवढी मी सोज्वळ नाही.

आत पार्बता होती. माझी चुलत जाऊ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

“हे कार्ड फुकट गेलं,” ती म्हणत होती. “सेटात टाकलं का सेट मुका होते. काढलं का बोलते. तुमीच पाहा.”

“बाई, कार्ड बरोबर हाये,” गयासभाई म्हणाला. “तुमचा सेट जुना हाये. हे चार जीबीचं कार्ड. तुमचा सेट दोनच्या वर घेतच नाही.”

“मंग देतानी काहून नाही सांगतलं?”

“तुमी सेट दाखवला कुठं? आल्या, म्हन्ल्या मोठं द्या. मी मोठं दिलं.”

“मोठं म्हन्जे मले वाटलं गाणे जास्त.”

“गाणे जास्तच हायेत त्याच्यात. पण तुमच्या सेटाले ते वाचता येत नाही.”

“वाचता त मलेबी येत नाही. म्हून काय मी मुकी झाली?”

दुकानात उभे असलेले दोघं-तिघं हसले. गयासभाई नाही हसला. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक दारापर्यंत, आणि ही बाई काउंटरवर कोपरं टेकून उभी. त्यानं दोन जीबीचं कार्ड काढून पुढं सरकवलं. “घ्या. बदलून दिलं. आता चला.”

“चला कशाले? उद्या हे बी नाही चाललं त मी पुन्हा जीपचं भाडं भरून येऊ का? तुमच्यापाशी जेवढ्या जातीचे कार्डं हायेत, तेवढे इथं मांडा. कोन्तं कोन्त्या सेटात जाते ते एकडाव दाखवा.”

“बाई, लोकं उभे हायेत.”

“मी का बसून आहो? मीबी उभीच आहो.”

आणि त्यानं मांडली. देवाशपथ सांगते, गयासुद्दीनसारख्या माणसानं, ज्यानं सरपंचालाही कधी खुर्ची दिली नाही, त्यानं काचेवर रुमाल अंथरला आणि एकेक कार्ड त्यावर ठेवलं. मी पोत्यावरून मान वाकडी करून पाहत होते.

सगळ्यात मोठं शंकरपाळ्याएवढं. ते फोटोच्या कॅमेऱ्यात जातं, फोनात नाही. त्याच्या कडेला बारीक खटका असतो. तो खाली ओढला की कार्डाला कुलूप लागलं, मग त्यात काही भरता येत नाही की पुसता येत नाही. त्याच्यापेक्षा लहान ते मिनी, काही जुन्या सेटांत जाणारं. त्याहून लहान ते एम टू, एकाच कंपनीच्या सेटात चालणारं. आणि करंगळीच्या नखाएवढं ते मायक्रो. आता नवे सेट येतात त्यात हेच, असं गयासभाई म्हणाला. शिवाय एक रिकामं टोपण होतं, दिसायला मोठ्या कार्डासारखंच. त्याच्या पोटात मायक्रो बसवलं की ते मोठ्याच्या जागी चालून जातं.

पार्बतानं एकेक उचललं आणि डोळे मिटून अंगठ्यानं चाचपलं.

“डोळे काहून मिटले, बाई?”

“उघडे ठेवून का करू? अक्षर वाचता येत नाही. बोटाले समजू द्या.” मग थांबून म्हणाली, “हे मायक्रो आन् हे एम टू, दोनी सारखेच लागते.”

“नाही लागत. पुन्हा पाहा.”

तिनं पुन्हा पाहिलं. “हो. हे थोडं रुंद हाये. मायक्रोले मांगं नख अडकवाले कंगोरा हाये, आन् कडेले खाच हाये.”

गयासभाई तिच्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, “माह्या भावाले हे समजाले दोन महिने लागले.”

तेव्हा मला काय झालं ते खरं सांगते. माझा जीव जळला. मी तिसरी पास आहे. बाराखडी येते, बसवरची पाटी वाचते, सहीला अंगठा लावत नाही. आणि माझ्यासाठी आजवर कोणी रुमाल अंथरला नव्हता. एकदा मी साड्यांच्या दुकानात तिसरी साडी दाखवा म्हटलं, तर दुकानदारानं पंखा बंद केला होता. ही अंगठेबहाद्दर बाई भांडायला गेली आणि शिकून आली.

चप्पल शिवून झाली तरी मी बसून राहिले, ती जाईपर्यंत. माझ्या तोंडावर काय दिसत होतं कोण जाणे, मला ते तिला दाखवायचं नव्हतं.

पार्बता अंजनगाव सुर्जीकडची. लग्न होऊन आली तेव्हा गावातल्या खाऱ्या पाण्यानं तिचं पोट बिघडलं, आणि पहिला महिनाभर ती पाणी प्यायची तेव्हा नाक दाबून प्यायची. सासू म्हणायची, ही टिकत नाही. टिकली. नवरा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पहाऱ्यावर लागला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्यानंच तिला तो सेट आणून दिला, दुसऱ्याचा वापरलेला. दिसायला साबणाच्या वडीसारखा, पण आवाज लग्नाच्या भोंग्याएवढा. दोन हजार दहाचं साल असेल.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही मी एवढी का जळले.

खुशालराव पाटलांच्या शेतात कापूस वेचायला बायांची जी टोळी जायची, ती माझी टोळी. लोक तसंच म्हणायचे, मैनाबाईची टोळी. आठ-नऊ बाया. कोण कोणत्या तासाला लागेल, म्हणजे पऱ्हाटीच्या कोणत्या ओळीत, ते मी सांगायची. आणि वेचताना मी गोष्ट सांगायची. राजा-राणीची नाही. आमच्या गावातलीच, कोणाच्या आजीनं कोणाच्या आजीचं काय चोरलं, अशी. बाया माझ्या मागंमागं वेचत यायच्या, कारण मागं पडली की पुढचं ऐकू येत नसे. खुशालराव म्हणायचा, “मैनाबाईचं तोंड चालते तोवर माहा कापूस घरी येते.”

आणि सीतादही माझ्या हातचं असायचं. वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगते. वर्षाचा पहिला वेचा सुरू करायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, पहिल्या बोंडाचा कापूस त्यांच्यावर पांघरायचा, मग दही-भाताचा नैवेद्य, आणि तोच दही-भात पऱ्हाटीवर शिंपडायचा. हे टोळीतल्या पुढच्या बाईनं करायचं असतं. दह्याची वाटी जिच्या हातात, ती पुढची. एकोणीस वर्षं ती वाटी माझ्या हातात होती. तेवढाच माझा मान. घरात तर सून माझ्या हातचं दही विरजणालाही घेत नसे.

पार्बतानं तो सेट फडक्याच्या झोळीत घालून गळ्यात अडकवला आणि शेतात आणला. पहिल्या दिवशी बाया लाजल्या. दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं विचारलं, “तुया मांगचा तास मी घेऊ का व?” चार दिवसांनी माझ्यामागं एक म्हातारी उरली, आणि तिला ऐकू येत नव्हतं.

गोदाबाईचं तोंड फाटकं, पण ती खोटं बोलत नाही. ती मला म्हणाली, “मैनाबाई, राग नोको मानू. तुही गोष्ट चांगली हाये. पण ते मधातच बंद करता येत नाही. हिचा सेट बंद करता येते.”

हे ऐकून मी दोन दिवस गोष्ट सांगितली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग ज्याच्या-त्याच्या घरी मुलं नवे सेट घेऊ लागली आणि जुने आयांच्या हाती देऊ लागली. त्या दिवसांत आमच्याकडे पेपरवाले गाड्या घेऊन यायचे. बांधावर उभे राहून आम्हाला विचारायचे, घरात कोणी कर्जापायी जीव दिला का. नाही म्हटलं की वही मिटायचे. एकानं मात्र विचारलं, “सगळ्या बायकांच्या गळ्यात हे काय आहे?” गोदाबाई म्हणाली, “रेडू.” त्यानं ते लिहून घेतलं नाही. त्याला त्यात दुःख दिसलं नसेल.

प्रत्येकीचा सेट वेगळा. गोदाबाईच्या सेटाला एम टू लागायचं. सुंदराबाईच्या सेटाला मिनी. बाकीच्यांना मायक्रो, पण कोणाला दोनचं, कोणाला चारचं. बाया गोंधळायच्या. एकीनं सुंदराबाईचं कार्ड आपल्या सेटात दाबून बसवायचा प्रयत्न केला तर सेटचं झाकणच निघून हातात आलं. शेवटी सगळ्या पार्बताकडे जाऊ लागल्या. ती नखानं झाकण उघडायची, बॅटरी काढायची, अंगठा खाचेवरून फिरवायची आणि सांगायची, “तुले मायक्रो लागते.” पण चारचं पचेल की दोनचंच, हे अंगठ्याला समजत नाही. ते ती गयासभाईला विचारून यायची. चारच्या कार्डावर तिनं लाल नखपॉलिशचा ठिपका द्यायला सुरुवात केली. दोनच्यावर काही नाही.

दर बाजाराच्या दिवशी ती कार्डं गोळा करायची. जुन्या लुगड्याची लांब चिंधी, तिला सात गाठी, एकेका गाठीत एक कार्ड. पहिली गाठ गोदाबाईची, दुसरी सुंदराबाईची, आणि पुढं घरं लागतील तशी. ती चिंधी कमरेला खोचून जीपच्या मागच्या फळीवर बसून जायची. कोणाला भजनं, कोणाला भीमगीतं, कोणाला सिनेमा, एकीला फक्त कव्वाली. ती ते तोंडपाठ सांगायची आणि गयासभाई भरून द्यायचा. संध्याकाळी दारोदारी जाऊन गाठी सोडायची. एवढं सगळं करून एक चूक नाही. मी लक्ष ठेवून होते ना. चूक व्हावी म्हणून रोज वाट पाहत होते.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि पऱ्हाटी फुटायला लागली. सीतादह्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी बाजार होता. मी नळावर भांडी घासत होते, तेवढ्यात गोदाबाई सुंदराबाईला म्हणाली, “औंदा वाटी पार्बताले द्यावं म्हन्तो मी. तिच्याच मांगं त आपन सगळ्या चालतो.”

“मैनाबाईले काय वाटंल?”

“वाटू दे. मैनाबाई का उपाशी राहीन?”

मी तिथंच होते, भिंतीपलीकडे. घासलेलं पातेलं मी पुन्हा घासलं.

घरी येऊन मी जवसाची चटणी कुटायला बसले. माझी जवसाची चटणी टोळीत प्रसिद्ध. लसूण मी जास्त घालते. कुटता कुटता डोक्यात एकच, की पार्बतानं एकदा तरी चुकावं. सगळ्यांसमोर चुकावं.

दिवस मावळताना तीच आली. दर्यापूरहून नुकतीच उतरली होती, केसांवर धूळ. “बाई, गोड्या पान्याचा टँकर आला. नंबर लावून येतो. हे पाह्यजो थोडं.” आणि ती चिंधी माझ्या ओट्यावर ठेवून घागर घेऊन पळाली.

तिला ती कोणाच्याही ओट्यावर ठेवता आली असती. माझ्या ओट्यावर ठेवली.

मी हात धुतले नाहीत. गाठी सोडल्या. सातही कार्डं ताटलीत घेतली, आणि तेव्हा मला कळलं की मी तिसरी पास असून मला त्यातलं काही समजत नाही. अक्षरं एवढी बारीक की चष्म्यातूनही मुंगी दिसावी तशी. मी सरळ सगळी उलटसुलट केली आणि पुन्हा बांधली. लाल ठिपके नखानं खरवडून काढले. मनाशी म्हटलं, उद्या शेतात सगळे सेट मुके होतील, सगळ्या तिला बोलतील, आणि वाटी जिथली तिथं येईल.

पार्बता टँकरवरून अंधार पडल्यावर आली, म्हणाली, “आता सकाळी वावरातच वाटतो,” आणि चिंधी घेऊन गेली. रात्री मला चांगली झोप लागली. खोटं कशाला सांगू.

सकाळी शेताच्या कोपऱ्यात खडे मांडले होते. खुशालराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. बाया बसल्या. पार्बतानं पहिली गाठ सोडली, कार्ड गोदाबाईच्या हातात देता देता थांबली. अंगठा फिरवला.

“हे तुह्यं नाही.”

“पहिली गाठ माहीच हाये व.”

“गाठ तुही हाये, कार्ड नाही. हे मायक्रो हाये, तुले एम टू लागते.”

मग तिनं सातही गाठी सोडून कार्डं मांडीवर घेतली. एम टू आणि मिनी तिनं लगेच बाजूला काढली. उरली पाच, सगळी मायक्रो, एकसारखी, ठिपकेही नाहीत. मी मनात म्हटलं, आता. आता सांग.

तिनं एक उचललं आणि नाकाला लावलं.

आमच्या बाया कार्डं कुठं ठेवायच्या हे मी विसरले होते. सगळ्यांच्या कमरेला चंची असते, पान-तंबाखूची पिशवी. सेटात कार्ड नसलं की ते तिथंच. पार्बतानं एकेक हुंगलं. “हे तंबाखूचं, हे कौशीचं. हे लवंगेचं, हे बेबीचं. याले बाम लागला, हे गुडघ्यावालीचं.” बाया हसून लोळल्या. सुंदराबाई म्हणाली, “पार्बते, तुले कुत्र्याचं नाक हाये का व?” सगळ्यांची कार्डं सगळ्यांकडे गेली, सेटांत बसली, आणि एकेक करून सगळे बोलायला लागले. कोणाचं भजन, कोणाचा सिनेमा, सगळं एकदम.

शेवटचं कार्ड तिचं स्वतःचं होतं. तेही तिनं हुंगलं. एकदा, आणि मग पुन्हा. मग माझ्या फडक्याकडे पाहिलं. त्यात भाकर होती आणि लसूण जास्त घातलेली जवसाची चटणी.

गोदाबाईनं विचारलं, “पण गाठी कशा चुकल्या व तुह्या? कधी नाही चुकत.”

पार्बता म्हणाली, “टँकरवर लय गर्दी होती. मीच गडबडली.”

मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. तिनं मला बोलायला हवं होतं. चार बायांत माझी चटणी काढायला हवी होती. मग मीही तिला चार शब्द सुनावले असते आणि आम्ही बरोबरीच्या झालो असतो. पण नाही. गाणी तिची, कार्डं तिची, बाया तिच्या, आणि मनाचा मोठेपणाही तिनंच दाखवायचा. मला काही ठेवलंच नाही.

गोदाबाईनं दह्याची वाटी उचलली आणि तिच्यापुढं धरली. “औंदा तू कर.”

मला वाटलं, आता ही म्हणेल, नाही, मैनाबाई मोठ्या आहेत, त्यांनाच करू द्या. कीर्तनात अशा बाया असतात. पार्बता तसं काही म्हणाली नाही. तिनं पदराला हात पुसले आणि वाटी घेतली. तिला ती हवी होती. तिच्या तोंडावर दिसत होतं, लहान मुलीसारखं. मी एकोणीस वर्षं ती वाटी घेताना माझं तोंडही तसंच दिसत असेल.

ती खड्यांपुढं बसली आणि सरळ दही-भात ठेवायला गेली.

माझ्या तोंडातून निघून गेलं, “पह्यले कापूस.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पार्बतानं हात मागं घेतला. “काय म्हन्लं, बाई?”

“पह्यले कापूस पांघराचा. मंग नैवेद्य. उघड्यावर कोनी जेवू घालते का?”

तिनं बोंड तोडून कापूस काढला, खड्यांवर पांघरला. मग विचारलं, “आता?”

“आता दही. उजव्या हातानं.”

तसं तीन वर्षं चाललं. वाटी तिच्या हातात, आणि मी बाजूला बसून सांगायची. दुसऱ्याच वर्षी तिला सगळं येत असणार, एवढी ती बुद्धीची होती. तरी ती दरवेळी मान वळवून विचारायची, “आता?” मी ठरवायची की या वर्षी सांगायचं नाही. मग सांगायची.

मधल्या काळात माझ्या मुलानंही मला त्याचा जुना सेट दिला. सहा दिवस मी तो पेटीत ठेवला. कोणाकडे जावं लागणार हे माहीत होतं. सातव्या दिवशी गेले.

पार्बतानं झाकण उघडलं, अंगठा फिरवला. “मायक्रो. चारचं चालते का ते विचारून येतो. काय भरू, बाई?”

“काही बी भर.”

“काही बी म्हन्लं का गयासभाई वरातीचे गाणे भरते.”

“मंग कीर्तन भर.”

तिनं कीर्तन भरून आणलं, आणि त्याच्या मागं दहा-बारा सिनेमाची गाणी. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, “जागा उरली होती.” तिच्या तासामागं मी कधी गेले नव्हते, दोन ओळी सोडून वेचायची. पण वारा माझ्याकडे असला की मी हळू वेचायची, हे तिनं कधी पाहिलं मला कळलं नाही. गाणी नेमकी तीच होती.

पुढं खुशालरावानं कापूस कमी केला आणि सोयाबीन घातलं. सोयाबीनला बायांच्या टोळीचं काय काम. कापणीला पंधरा दिवस, पुढचं थ्रेशर करतं. बाया पांगल्या. कोणी अकोल्याला मुलाकडे गेली, कोणी वीटभट्टीवर. टोळीत पाच उरलो. आणि एका वर्षी, पहिल्या वेच्याच्या आठवडाभर आधी, पार्बताच्या नवऱ्याला नांदगाव पेठेत कारखान्यामागं खोली मिळाली. ती जाणार असं ठरलं.

पिण्याचं गोडं पाणी दारात नळाला, असं तिनं सांगितलं. मला तेही खुपलं.

ओट्यावर गोदाबाई म्हणाली, “मैनाबाई, आता सीतादही तुहंच.” सुंदराबाईनं मान हलवली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी मी जळले ते मला असं मिळालं, पंगत उठल्यावर भांड्यात उरलेलं वाढावं तसं. चार बाया, तीन एकर पऱ्हाटी. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

माझ्या मनात होतं की जाण्याआधी पार्बतानं ते स्वतः म्हणावं. बाई, आता तुमीच करा. तेवढं तिच्या तोंडून आलं असतं तर ती वाटी मला माझी वाटली असती. ती जायची होती त्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. मी म्हटलं, आज काही ती दर्यापूरला जात नाही, सामान बांधेल, मग भेटायला येईल, तेव्हा बोलेल.

सकाळी ती आली ती कमरेला चिंधी खोचून.

“सामान बांधाचं नाही का व?”

“बांधलं रातीच. आना तुमचं कार्ड. कीर्तनच का?”

“कीर्तनच.”

ती जीपच्या मागच्या फळीवर बसून गेली. संध्याकाळच्या शेवटच्या जीपनं आली. टोळी पाचाची झाली होती, तरी ती पहिल्यांदा गोदाबाईकडे गेली, मग सुंदराबाईकडे, मग घरं लागतील तशी. मी ओट्यावर बसून पाहत होते. माझ्याकडे आली तेव्हा दिवा लागला होता. तिनं गाठ सोडली, कार्डावर अंगठा फिरवला, माझा सेट मागितला, झाकण उघडून ते बसवलं आणि लावून पाहिलं. कीर्तन सुरू झालं. ते बंद केलं.

मी वाट पाहिली. म्हटलं, आता बोलेल.

“बाई, मांगचे दोन गाणे अटकून राहिले,” ती म्हणाली. “गयासभाई म्हने पुढच्या बाजारी दुसरे भरून देतो. कोनाच्या हाती पाठवजो.”

“पाठवतो.”

“झाकन जोरानं नोको उघडजो. खिट्टी ढिली झाली हाये.”

तिनं सेट माझ्या हातात दिला, चिंधी झटकून घडी घातली आणि अजून एक घर राहिलं होतं तिकडे गेली.